सहाव्या खाटेचा आकडा

शिंचू, १२ ऑक्टोबर २०१६

ती. मामास सा. न.

टपालाचं पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. आई म्हणाली, घशाच्या ऑपरेशनपासून तू फोन उचलत नाहीस. बरोबरच आहे, आवाजच गेल्यावर उचलून करणार काय? आणि कॉम्प्युटरचं म्हणे तू तोंड बघायचं नाही अशी शपथ घेतलीयस. मग बसले कागद घेऊन. अक्षर लागलं नाही तर शिव्या घाल, पण उत्तर लिही.

कामाचं बोलते. डायलिसिस वॉर्डमधल्या बारा खाटा एका जागेवरून सांभाळणारा आपल्या कंपनीचा प्रोग्राम तुला माहीतच आहे. मार्चमध्ये दक्षिणेकडच्या एका इस्पितळात सहाव्या खाटेवरच्या चोंग काकांच्या अंगातून एक लिटर चारशेच्या जागी तीन लिटर चारशे पाणी ओढलं गेलं. निवृत्त बस ड्रायव्हर, जेमतेम पन्नास किलोचा माणूस. रक्तदाब कोसळला आणि तिसऱ्या दिवशी गेले. आपल्या कंपनीने लिहून दिलं की प्रोग्राम निर्दोष आहे, नर्सनेच चुकून अकराव्या खाटेचं पान उघडून तिथला आकडा सहाव्या खाटेला पाठवला. नर्सचं नाव यू बीचू, नोकरी सव्वीस वर्षांची. तिचा परवाना काढून घेतलाय. एकवीस फेब्रुवारीला आरोग्य खात्यापुढे शेवटची सुनावणी आहे. तिथे हरली तर परवाना कायमचा जाईल आणि वर माणूस मारल्याचा खटला उभा राहील.

थांग साहेबांनी मला सांगितलंय की पुन्हा चाचणी घे आणि सुनावणीच्या समितीतल्या डॉक्टरांना कळेल अशा सोप्या भाषेत 'सगळं ठीक' असा कागद लिही. तुझ्यावरच सराव करते, हसू नकोस. वरचा प्रोग्राम प्रत्येक खाटेसाठी एक वेगळा कामकरी ठेवतो, त्याला थ्रेड म्हणतात. बारा खाटांचे बारा थ्रेड एकाच वेळी राबत असतात. पाणी किती ओढायचं हे गणित मात्र त्यांच्याकडे नाही, ते खालच्या लायब्ररीत आहे. थ्रेडने वजनं द्यायची, लायब्ररीने उत्तर द्यायचं. लायब्ररी कंपाइल केलेली, म्हणजे यंत्राच्या भाषेत बांधून टाकलेली, त्यामुळे आत काय लिहिलंय ते माणसाला वाचता येत नाही. जमलं का?

आणि ही लायब्ररी तुझी, मामा. १९९८ सालची. तुझं मूळ लिखाण तळघरात पूर आला तेव्हा गेलं म्हणतात.

थोरल्यावर दहा हजार वेळा चालवून बघितलं, एकही चूक नाही. थोरला म्हणजे तोच तुझा चाचणीचा जुना कॉम्प्युटर, अजून सही करायची ती त्याच्याच उत्तरांवर. त्याच्या डोक्यावर अजूनही मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट असतं, त्याने गुणी बाळासारखं वागावं म्हणून. मुदत संपायच्या आत पाकीट बदलायचं काम आता माझ्याकडे आहे. मागे विसरले तर थांग साहेब असे ओरडले, जणू मी देवापुढचा दिवाच विझवला.

कागद लिहायला बसले आणि हात थांबला. अकराव्या खाटेचा आकडा ३.४० आणि चोंग काकांना गेलेलाही ३.४०. त्याच सकाळी, त्याच मिनिटाला. मला हे बरं वाटत नाही. लायब्ररीच्या आत नेमकं काय आहे, तुला काही आठवतं का?

तुझी
पेइश्वान

—

फंगहू, २५ ऑक्टोबर २०१६

चि. पेइश्वान, अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर कोंबडीचे पाय, पण लागलं. इथे बेटावर उत्तरेचं वारं सुरू झालंय. शेंगांच्या वाफ्याभोवतीचा पोवळ्याच्या दगडांचा गडगा दोन जागी ढासळला होता, तो रचण्यात आठवडा गेला. भुईमूग यंदा बरा आलाय. आईसाठी पाच किलो बोटीने पाठवतो.

लायब्ररीतलं गणित बरोबर आहे. अठरा वर्षं चाललंय ते उगाच नाही. आकडा सारखा आला, कारण बाईंनी अकराव्या खाटेचं पान उघडलं असेल. बारा खाटा, सकाळची घाई, चूक होते. मी तिला नावं ठेवत नाही, पण होते. तरी तुझं समाधान होत नसेल तर तारा तपासून बघ, खाटेजवळच्या यंत्राची जोडणी बघ. दमट हवेत तिथे गंज धरतो.

थोरल्यावर नीट चाललं ना? मग लिहून टाक. थांगला दुखवू नकोस, तुझी बढती त्याच्या हातात आहे. चोंग काकांचं वाईट झालं.

मामा

—

शिंचू, २० नोव्हेंबर २०१६

ती. मामास सा. न.

शेंगा पोचल्या. आईने अर्ध्या उकडल्या, अर्ध्या शेजाऱ्यांपुढे मिरवल्या.

तारा तपासल्या. इस्पितळात जाऊन एकेक जोडणी हाताने उपसून बघितली. गंज नाही, काही नाही. मात्र जाण्याचा एक फायदा झाला. तिथला कॉम्प्युटर बघितला. नवा आहे, मामा, चार डोक्यांचा. चार थ्रेड खरोखर एकाच क्षणी चालतात. आपला थोरला एका डोक्याचा. तो बारा थ्रेडना पाळीपाळीने थोडं थोडं चालवतो आणि एकाच वेळी चालल्याचं सोंग करतो. अठरा वर्षं आपण सही कुठे केली? थोरल्यावर! तो गुणी, तो कधी चुकत नाही, म्हणून त्याला कोणी हलवलं नाही, बदललं नाही. आणि तो चुकत नाही ते पाकिटामुळे नाही, त्याला एकच डोकं आहे म्हणून.

थांग साहेबांना म्हटलं, नवीन यंत्रावर चाचणी घेऊ या. म्हणाले, "पोरी, तू शाळेत होतीस तेव्हापासून लोक थोरल्यावर सही करत आलेत. ते काय येडे होते का?" शेवटी एक नवा कॉम्प्युटर हिशेबखात्यातून गोड बोलून उसना आणला.

कोणता थ्रेड कधी लायब्ररीला हाक मारतो हे दिसावं म्हणून प्रत्येक हाकेची नोंद ठेवली. चार दिवस काहीच नाही. कंटाळून नोंद बंद केली आणि जेवायला गेले. परत येऊन बघते तर एक उत्तर चुकलेलं! नोंद पुन्हा चालू केली, चूक गायब. बंद केली, तासाभरात पुन्हा हजर. मला रडूच आलं. बघायला गेलं की लपते, पाठ फिरवली की चावते. मग डोक्यात प्रकाश पडला. नोंदीची वही एकच, तिथे लिहायला सगळ्या थ्रेडना रांग लावावी लागते. रांग लागली की चूक होत नाही, रांग मोडली की होते. म्हणजे लायब्ररीच्या आत असं काहीतरी आहे जे दोघांनी एकदम वापरलं की बिघडतं. काय आहे ते?

येताना बीचू ताईंना भेटले. बहिणीच्या नाश्त्याच्या दुकानात अंड्याच्या पोळ्या लाटतात. मला वाटलं होतं हाकलून देतील. सोयाबीनचं दूध पुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "कंपनीची ना तू? अगं, मीच केलं असणार. तेवढे सगळे शिकलेले लोक सांगतायत ते काय खोटं?" मामा, ते दूध तसंच ठेवून मी उठले.

लवकर लिही.

पेइश्वान

—

फंगहू, १४ डिसेंबर २०१६

चि. पेइश्वान, अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. तब्येत ठीक नव्हती.

इतकं खोलात शिरू नकोस. लायब्ररीच्या दारावर कुलूप घाल. म्हणजे वरच्या प्रोग्राममध्ये असं कर की एक थ्रेड आत असताना दुसऱ्याने बाहेर थांबायचं, पहिला उत्तर घेऊन निघाला की मग दुसऱ्याने शिरायचं. चार ओळींचं काम आहे. चूक पुन्हा होणार नाही. सुधारणा म्हणून नवी आवृत्ती सगळ्या इस्पितळांना पाठवा. गेलेलं परत येत नाही, पुढचं वाचेल. त्यातच सगळ्यांचं भलं आहे.

थंडीत कान झाकून फिर.

मामा

—

शिंचू, ९ जानेवारी २०१७

श्री. लू कुनमाओ यांस,

कुलूप घातलं. नव्या यंत्रावर तीन आठवडे रात्रंदिवस चालवलं, चूक नाही. नवी आवृत्ती सगळीकडे पाठवली. तुमचं औषध अगदी रामबाण निघालं.

मी नवी पोर असते तर 'वा मामा!' म्हटलं असतं. पण मी नऊ वर्षं हेच काम करतेय. न बघितलेल्या बिघाडाला कोणी असं औषध देत नाही. आधी दहा प्रश्न विचारतो. तुम्ही एकही विचारला नाहीत.

म्हणून जुन्या कागदांच्या खोलीत गेले. मार्च १९९९चा चाचणीचा कागद सापडला, तुमच्या हातचा. त्यात एक ओळ आहे: 'दोन हाका एकाच वेळी आल्यास उत्तरांची सरमिसळ होते. एकदम हाक मारू नये.' ती ओळ खोडलेली आहे. आणि खोडलेल्या जागी, नियमाप्रमाणे, स्वतःहून खोडलं म्हणून तुमच्या नावाचा लाल शिक्का. दुसऱ्या कुणी खोडलं असतं तर त्याचा शिक्का असता. मी तो कागद खिडकीजवळ नेऊन तीनदा वाचला.

आणखी एक. बीचू ताईंकडे त्या सकाळच्या छापील चिठ्ठीची झेरॉक्स होती, बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवलेली. चिठ्ठीवर लायब्ररीची दोन उत्तरं असतात, किती पाणी ओढायचं आणि शेवटी वजन किती भरेल. सगळ्यांनी पहिलंच वाचलं, ३.४०. दुसरं कोणी वाचलं नाही. ते आहे ४८.२. हे चोंग काकांचं वजन. अकराव्या खाटेचं पान उघडलं असतं तर तिथे ८०.१ आलं असतं. म्हणजे ताईंनी बरोबरच पान उघडलं होतं. अर्धं उत्तर एकाचं, अर्धं दुसऱ्याचं. माझ्याकडच्या यंत्रावर जी चूक होते तीही हुबेहूब अशीच.

थांग साहेब म्हणतात, कुलूप घातलंस ना, आता गप्प बस. चिठ्ठीवरचा दुसरा आकडा छपाईची चूक होती असं आपण म्हणू. लायब्ररीच्या आत काय आहे हे लिहिणाऱ्यानेच सांगितल्याशिवाय समिती माझं ऐकणार नाही. लिहिणारे तुम्ही.

लहानपणी बेरीज तुम्ही शिकवलीत मला. खोडायचं नाही, चुकलं तर बाजूला नव्याने लिहायचं, असं सांगायचात. मला तुमचा इतका राग आलाय की पुढचं लिहवत नाही.

पेइश्वान

—

फंगहू, २४ जानेवारी २०१७

चि. पेइश्वान,

तू 'तुम्ही' लिहिलंस ते वाचलं. योग्यच आहे.

लायब्ररीच्या आत बेरीज-वजाबाकी करायला एकच पाटी आहे. जो हाक मारेल त्याचा आकडा तिच्यावर लिहायचा, त्यावरून उत्तर द्यायचं. प्रत्येकाला स्वतंत्र पाटी द्यायला हवी होती. तेव्हाच्या यंत्रांत जागा कमी होती, म्हणून मी एकच ठेवली. एकाने आकडा लिहावा आणि त्याने उचलायच्या आत दुसऱ्याने पुसून आपला लिहावा, असं होऊ शकतं. दुसरं उत्तर थ्रेडच्या स्वतःच्या वजनांवरून येतं, म्हणून ते बरोबर राहिलं. चिठ्ठी खरी आहे, छपाईची चूक नाही.

मला ते थोरल्यावरच दिसलं होतं. मुद्दाम दोन हाका एकदम मारत राहिलो, तेव्हा पाळी नेमकी मधेच बदलून अकरा दिवसांत एकदा. मी ओळ लिहिली. तेव्हाचे साहेब म्हणाले, "ही ओळ वाचून सरकारी तपासनीस शंभर प्रश्न विचारेल, मंजुरी वर्षभर लांबेल. आपला प्रोग्राम तर एका वेळी एकच खाट बघतो. कशाला?" मी खोडली. मला कुणी धमकावलं नव्हतं. मला बढती हवी होती, आणि ती मिळाली.

हे एकदाच घडलं असतं तर मी स्वतःला समजावलं असतं. पण २०१४ साली प्रत्येक खाटेला वेगळा थ्रेड देणारा नवा प्रोग्राम आला तेव्हा मी तिथेच होतो, शेजारच्या टेबलावर. निवृत्तीला सहा महिने राहिले होते. मला कळलं की आता सरमिसळ होणार. 'कुलूप घाला' एवढे दोन शब्द बोलायचे होते. बोललो असतो तर 'तुम्हाला कसं माहीत?' हा प्रश्न आला असता. तेव्हा माझा गळा शाबूत होता, पेइश्वान. नव्या आवृत्तीची चाचणी थोरल्यावर नीट पार पडली. मी त्याच्यावर ताजं पाकीट ठेवलं, सही केली आणि घरी गेलो. मनाशी म्हटलं, सोळा वर्षं झालं नाही, आता काय होतंय. माझा त्या पाकिटावर कधीच विश्वास नव्हता. त्या दिवशी ठेवला.

तुला तारा तपासायला पाठवलं तेही जाणूनबुजून. माझ्याच भाचीला.

सोबत समितीसाठी सगळं लिहून दिलंय, शिक्क्यासह. डॉक्टर प्रवासाला नको म्हणतात, शिवाय वारं आहे, विमानं उडत नाहीत. तू वाचून दाखव.

मामा

—

शिंचू, २३ फेब्रुवारी २०१७

मामा,

तुमचा कागद आला, तुम्ही नाही आलात. एकवीस तारखेला फंगहूची चारही विमानं वेळेवर उतरली. मी विमानतळाला विचारलं.

मीच वाचलं. 'मी खोडलं', 'मला माहीत होतं', 'मी गप्प राहिलो'. सगळं 'मी, मी' माझ्या तोंडून. समितीतल्या एका डॉक्टरबाई तर माझ्याकडेच रागाने बघत होत्या. मग खोडलेला कागद दाखवला, चिठ्ठी दाखवली, उसना कॉम्प्युटर तिथेच मांडून चूक करून दाखवली. थांग साहेब मान खाली घालून बसले होते.

बीचू ताई सुटल्या. परवाना परत मिळाला, खटला होणार नाही. कंपनीची वेगळी चौकशी होईल आणि तुम्हालाही बोलावणं येईल. माझी बदली मालाच्या गोदामात झालीय, त्याचं मला काही वाटत नाही.

पण निकाल ऐकून ताई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नाही हो, मीच उघडलं होतं ते पान. मला आठवतंय."  मी त्यांना हात धरून बाहेर आणलं. त्यांनी तुमचा पत्ता मागितला, मी दिला.

पेइश्वान

—

काओश्युंग, १० मार्च २०१७

श्री. लू कुनमाओ यांना यू बीचूचा नमस्कार.

मला मोठं लिहिता येत नाही. दुकानात गिऱ्हाईक नसलं की चार ओळी लिहिते, म्हणून पत्राला तीन दिवस लागले.

परवाना मिळाल्यावर एक दिवस वॉर्डात जाऊन आले. सगळ्या पोरींनी हार घालून स्वागत केलं. आकडा आला, 'हो' म्हणायचं बटण दाबायचं होतं. बोट पुढे जाईना. मोठ्या सिस्टरला सांगितलं आणि परत आले. आता पोळ्याच लाटते.

तुमच्या भाचीने ४८.२ दाखवला. मला पटतं. पटतं तरी अकराव्या खाटेचं पान मला उघडलेलं दिसतं, पेशंटच्या नावासकट. अकरा महिने सगळ्यांनी मला ते सांगितलं आणि मी ते बघायला शिकले. आता कोणी कितीही म्हटलं तरी ते बंद होत नाही. भाची रडत होती, तिला मी हे सांगितलं नाही. तुम्हाला सांगते.

माझ्या वाट्याचं मी नाकारत नाही. पन्नास किलोच्या माणसाला ३.४० हा आकडा बघून मी थांबायला हवं होतं. त्या वेळी तीन यंत्रं एकदम शिट्ट्या मारत होती. मी थांबले नाही. तेवढं माझं.

चोंग काका गेल्यावर सातव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. दारात गुडघे टेकून पाऊण तास बसले. त्यांच्या मुलीने दार उघडलं नाही. शेवटी आतूनच विचारलं, "चुकून केलंत की निष्काळजीपणाने, तेवढं तरी सांगा." मला उत्तर देता आलं नाही, कारण मला ठाऊकच नव्हतं. तशीच उठून आले.

छिंगमिंगच्या दिवशी, चार एप्रिलला, ती वडिलांच्या थडग्यावरचं गवत काढायला जाते. मी तिला विचारलं, मी आले तर चालेल का? 'या' म्हणाली. मग विचारलं, आणखी एकांना आणलं तर?  मग म्हणाली, "आणा."

तेव्हा तुम्ही या. कागद पाठवू नका. माझ्याकडून तिचं उत्तर राहिलंय, आणि ते माझ्याकडे कधी नव्हतंच.

यू बीचू

—

फंगहू, २० मार्च २०१७

बीचू ताईंना लू कुनमाओचा नमस्कार.

तीन तारखेच्या बोटीने येतो. पेइश्वानला कळवलेलं नाही. कळवलं तर ती धक्क्यावर न्यायला येईल, आणि मला हे एकट्याने करायचंय.

पानाबद्दल लिहिलंत ते पुन्हा पुन्हा वाचलं. ते मिटवायचा उपाय माझ्याकडे नाही. असता तर सगळं सोडून आधी तो केला असता.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर लिहून आणतोय, कारण बोलता येत नाही. तुमच्या हाती मात्र देणार नाही, तिच्यासमोर मीच धरीन. एकाच ओळीचं आहे. चुकून नाही, निष्काळजीपणानेही नाही. मला माहीत होतं.

ती वाचून तिने हाकललं तर मी लगेच निघेन, तुम्ही मध्ये पडू नका. नाही हाकललं, तर तिला माझ्या वतीने एवढं विचारा की गवत मला काढू देईल का.

लू कुनमाओ